दोन ताटं

“तारीख नको, नुसती नावं घाला,” उल्का भांडीवाल्याला म्हणाली.

मंडईजवळच्या त्या दुकानात नाव घालायचं यंत्र घरघरत होतं. एका ताटावर ‘मुक्ताई’ उमटलं, दुसऱ्यावर ‘ओवी’. भांडीवाला म्हणाला, तिसरं घ्या, आईलाही होईल. उल्कानं नकारार्थी मान हलवली.

“तुमच्या खराडीत एवढ्या कंपन्या आल्या, भांडी नाही आली वाटतं?” मी म्हटलं.

ती हसली. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. तिला धाप लागली होती.

लग्नाआधी उल्का आणि मी कर्वेनगरच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. ती यवतमाळची, मी बार्शीची. पुढे तिनं कॉम्प्युटरवाल्या संतोषशी लग्न केलं आणि त्याच्या नोकरीमागे खराडीला गेली. मी कर्वेनगरातच राहिले, शाळेच्या ऑफिसात कारकून. आम्हाला मूल झालं नाही. तो विषय मी आणि माझ्या नवऱ्यानं, दिग्विजयनं, कधीच मिटवून टाकला होता. वर्षानुवर्षं उल्काची आणि माझी भेट फोनवरच. आणि या गुरुवारी तिनं अचानक विचारलं, संतोष आणि पोरींना घेऊन शनिवार-रविवार राहायला येऊ का?

“एकाच गावात राहायला कोण येतं?” दिग्विजय म्हणाला होता. मलाही ते खटकलं होतं, पण पाहुण्यांना कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आल्यापासून तिचं काहीतरी चाललंच होतं. बाथरूमचा दिवा कुठे लागतो, रात्री भीती वाटली तर मावशीचं दार कुठलं, हे तिनं सहा वर्षांच्या मुक्ताईकडून दोनदा वदवून घेतलं. मला सांगत होती, धाकटी ओवी मेतकूट घातल्याशिवाय भात खात नाही, आणि मिक्सर लावला की घाबरून पलंगाखाली जाते.

“मला कशाला सांगतेस? तू आहेस ना,” मी म्हटलं.

मंडईतून आल्यावर दुपारी तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर संतोष मोबाइलवर त्याच्या अमेरिकेच्या साहेबाशी बोलत होता. शनिवार असूनही.

“मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर हमी देत नाहीत. संतोष चांगला आहे गं, पण घरी येतो तोवर पोरी झोपलेल्या असतात. सासूबाईंना स्वतःचंच होत नाही.”

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

मग ती तिच्या लहानपणाचं बोलली. होस्टेलवर इतकी वर्षं एकत्र काढली, पण हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर ती तीन काकांच्या घरी आळीपाळीनं वाढली. उपाशी कुणीच ठेवलं नाही. “पण ताट रोज वेगळं असायचं, नंदा. सगळ्यांची वाढून झाली की जे उरेल ते. कुठल्याच घरात माझं असं ताट नव्हतं.”

मला राग आला. भीती वाटली की मला आधी रागच येतो. एवढं मोठं ओझं कुणी असं मेथी निवडताना देतं का?

“मला मुलं सांभाळता येतात असं तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. म्हणून तर दोन दिवस राहायला आले.”

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून कुकरखालचा गॅस बंद केला.

रविवारी संध्याकाळी निघताना मी तिला कुंकू लावलं. तिनं घरावरून एकदा नजर फिरवली. सगळे खाली गेले आणि मला ओट्यावर घासून उपडी घातलेली ती दोन ताटं दिसली. ती घेऊन मी जिने उतरत गाडीपर्यंत गेले. विसरली म्हणून नेली की परत करायला नेली, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

“ताटं राहिली,” मी म्हटलं.

उल्कानं काच खाली केली. “तुझ्याकडे जागा नसेल तर दे.”

मागच्या सीटवर ओवी बहिणीच्या मांडीवर पेंगत होती. मी ताटं छातीशी धरली आणि म्हटलं, “सावकाश जा.” उल्कानं डोळे मिटून मान मागे टेकली. गाडी वळून दिसेनाशी झाली. वर येऊन मी आमच्या मांडणीतली दोन ताटं काढून माळ्यावर टाकली आणि त्या जागी ही लावली.

मंगळवारी दुपारी संतोषचा फोन आला. उल्का ऑपरेशन चालू असतानाच गेली. एवढंच त्याला बोलता आलं. दिग्विजय खराडीला गेला आणि शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या पोरींना घेऊन आला. आईला बरं नाही एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाकीचं सकाळी संतोष येऊन सांगणार होता.

मी पानं घेतली. मुक्ताईनं दोन्ही नावं बोट फिरवून वाचली, ओवीला तिच्या ताटासमोर बसवलं आणि मांडणीकडे बघत राहिली.

“मावशी, आईचं ताट कुठंय?”

मी ओवीच्या भातावर मेतकूट घातलं. दाण्याची चटणी करायची राहिली होती. मिक्सरचं बटण दाबायला हात गेला, तो मी मागे घेतला. खलबत्ता काढला, खाली जाड फडकं घातलं आणि आवाज होणार नाही असं हळूहळू कुटत बसले.