ताईच्या हाताचं माप

"मामा, आईचा हात मशीनमध्ये..." एवढंच बोलून भाचीचा फोन कटला.

मिस्त्रीच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर गळून पडला. परत फोन लावला तर लागेना. कुठलं मशीन, हे विचारायची गरजच नव्हती. मक्याचे दाणे सोडवणारं ते स्वस्तातलं मशीन त्यानंच बनवलं होतं, आणि पहिलं मोठ्या कौतुकानं ताईलाच दिलं होतं.

मोटारसायकलला किक मारून तो थेट दवाखान्याकडे निघाला. कणसं आत सोडायचं पत्र्याचं तोंड त्यानं वीतभर आखूड केलं होतं. पत्रा वाचला, किंमत उतरली, चार वाफेवाल्यालाही मशीन परवडलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बरं, तपासलं नव्हतं असंही नाही. बंद मशीनमध्ये बायकोला हात घालायला लावला होता. तिची बोटं आतल्या दातेरी ड्रमपर्यंत पोचली नाहीत, झालं समाधान! पण बायको बुटकी. आणि ताई म्हणजे माळ्यावरचा डबा शिडीशिवाय काढणारी. लहानपणी तिला आंबे काढायची 'आकडी' म्हणून चिडवणारा हाच, आणि आठवलं कधी, तर आत्ता. बैल गेला नि झोपा केला.

"हात राहू दे," तो वाटभर पुटपुटत होता. "निदान हात राहू दे."

दवाखान्याच्या दारात त्याचं पाऊल उचलेना. भाचीनं हाताला धरून आत नेलं. ताई खाटेवर बसली होती, उजवा पंजा बँडेजमध्ये.

"एक बोट गेलं रे. मधलं." ती म्हणाली.

"ताई, मी..."

"रडायला नंतर बस. आज घरोघर मका काढणं चाललंय. आधी सगळ्यांना मशीन बंद करायला सांग."

त्यानं एकेकाला फोन लावले. शेवटच्या घरी घंटा वाजतच राहिली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. अखेर कुणीतरी उचलला. मागे मशीनची घरघर होती. ती थांबेपर्यंत त्यानं फोन कानापासून हलवला नाही.

"टेप आहे ना खिशात? काढ. आता मशीनचं तोंड माझ्या हाताच्या मापानं कर," म्हणत ताईनं दुखरा हात समोर लांब केला.

त्यानं खांद्यापासून टेप धरला, कोपरावरून, मनगटावरून आणत बँडेजच्या टोकाशी थांबला.

"तिथं नको थांबूस," ताई म्हणाली. "बोट होतं तिथवर धर."

त्यानं टेप आणखी थोडा पुढं ओढला.