तिसाव्या आकड्यानंतर

देवळापुढच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवरात्र लागलं होतं, त्यात नदीपलीकडून स्वामी आले होते. पिंपळाच्या पारावर श्रीधरन नावाचा मुलगा मांडी घालून बसला होता, डोळ्यांवर पिवळ्या रेशमाची पट्टी. त्याच्या मागे दोन सेवेकरी एक लांबच लांब पांढरं कापड हळूहळू उलगडत होते. कापडावर काळ्या शाईने आकडे रंगवलेले. मुलगा एक आकडा म्हणे, लोक कापडाकडे बघत, आणि आकडा जुळला की 'देवी, देवी' असा घोष उठे.

आकडे होते पायचे. वर्तुळाचा घेर त्याच्या व्यासाच्या किती पट, ती ही संख्या. तीन, मग दशांश चिन्ह, मग एक, चार, एक, पाच, आणि पुढे न संपणारी रांग. हा दहा वर्षांचा पोर ती रांग अडखळल्याशिवाय म्हणत होता. स्वामींचं म्हणणं असं, की त्याने पाठ केलेली नाही. गेल्या वर्षीच्या विजयादशमीला त्यांनी सोन्याच्या अंगठीने त्याच्या जिभेवर अक्षर काढलं, ब्राह्मीचं तूप चाटवलं, आणि सरस्वती आत येऊन बसली.

"लेकरांनो," स्वामी म्हणाले, "ब्रह्माला अंत आहे का?"

नाही, असं मैदान म्हणालं.

"या संख्येला अंत आहे का?"

नाही.

"मग दोन्ही एकच की नाही?"

एकच, असं मैदान म्हणालं. आमच्या सार्वजनिक विहिरीवरच्या भांडणालाही कधी अंत नसे, पण त्याला ब्रह्म म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

माझ्या शेजारी कार्त्यायनी उभी होती, कडेवर अंबिळीला घेऊन. सहा वर्षांची पोर कडेवर घ्यायची नसते, पण गर्दीत तिला हाक मारून काही उपयोग नसे. अंबिळीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बोलणंही आलं नव्हतं. कार्त्यायनीचा नवरा आखाती देशात, घरात सासू. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कान बरे होणार नाहीत, पण पोर हुशार आहे. शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत हातांची भाषा शिकवतात, तिथे लवकर घाला. वयाच्या सात वर्षांनंतर फार जड जातं. मी तिच्याबरोबर दोनदा त्या शाळेत जाऊन आले होते. एक जागा मिळाली होती. नवरात्राच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मुलीला आणून सोडायचं, नाही आणलं तर जागा दुसऱ्याला.

आणि आता कार्त्यायनी त्या पोराच्या तोंडाकडे असं बघत होती, की मला तिच्याकडे बघवेना.

स्वामींना तिची सगळी माहिती कोणीतरी पुरवली होती. त्यांनी पारावरूनच तिला हाक मारली. म्हणाले, वाणीची देवता रुसली आहे. पोरीला हातवाऱ्यांच्या शाळेत घातलंस तर ती कायमची निघून जाईल. विजयादशमीला आण, मी तिच्या जिभेवर लिहितो, मग वर्षभर आश्रमात ठेव, पण त्या वर्षात पोरीने हातांनी एक खूण करायची नाही.

परतताना मी तिला समजावत होते. सासू मागून म्हणाली, "टीचर, हातवारे करणाऱ्या पोरीला नवरा कोण मिळेल? कथकळी करणारा?"

कार्त्यायनी हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही रोज देवीची नामावली म्हटल्याशिवाय पाणी पीत नाही. तुम्हीच शंका घेता?"

मी म्हटलं, देवीवर मी कधी शंका घेतलेली नाही. अंगठीवर घेते.

*

राघवन मास्तर हे आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. मी तिथे मल्याळम शिकवायचे. निवृत्तीनंतरही संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर काळा चहा प्यायला येत आणि देव नाही हे मला पटवून देत. त्यांच्याकडून मला फार आशा होती. पण त्या दिवशी ते आले ते डोळे चमकवतच.

"तपासलं मी, टीचर. तीसच्या तीस बरोबर."

आमच्याकडे अक्षरांचे आकडे करायची जुनी पद्धत आहे. क, ट, प, य या प्रत्येकाचा एक. ख, ठ, फ, र यांचे दोन. ग आणि ड चे तीन, असं पुढे. जोडाक्षरातलं शेवटचं अक्षर धरायचं, काना-मात्रा सोडून द्यायच्या. पंचांगवाले, गणितवाले, गाणारे सगळे हीच पद्धत वापरतात. लहानपणी आम्ही एकमेकींच्या नावांचे आकडे काढून भांडायचो. या पद्धतीने पायचे पहिले तीसेक आकडे एका जुन्या संस्कृत श्लोकात बसवलेले आहेत, आणि मास्तरांच्या पिढीला तो श्लोक पाठ. त्यांनी मनात श्लोक म्हणत पोराचे आकडे पडताळले होते. गावातल्या दोन शास्त्र्यांनीही तेच केलं होतं, आणि मैदानात उभं राहून ग्वाही दिली होती.

मी विचारलं, तिसाव्यानंतरचे कोणी तपासले?

मास्तर चहाचा ग्लास फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुढचे कोणाकडे आहेत?"

हीच ती चूक. ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. तिथे कोणाला दहासुद्धा ठाऊक नसते, आणि सगळंच खोटं म्हणून सोडून दिलं असतं. आम्हाला तीस ठाऊक होते. आमच्या ज्ञानानेच आमचा घात केला.

*

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा गेले. पुढे, पाराला लागून बसले, हातात जपाची माळ. पोर म्हणत गेला. तिसावा आकडा उलटून गेला. मी ऐकत होते आणि मणी सरकवत होते, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मणी आपोआप त्याच्या श्वासाबरोबर सरकताहेत.

चार, चार, शून्य. किंचित विराम. पाच, दोन, आठ. विराम. एक, पाच, तीन.

आणि असे काही गट झाले की पोराची मान पुढे झुकत होती, अगदी थोडी. आकड्यांपुढे कोण मान झुकवतं?

आमच्या नदीकाठच्या गावांत भगवतीची एक नामावली आहे. कर्कटक महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, तिन्हीसांजेला दिवा लावला की घरोघरी म्हणतात, आणि दर कडव्याच्या शेवटी मान झुकवतात. मी ती वर्षभर म्हणते. तिची सुरुवात भवानी, शारदा, कमला अशी आहे. भवानी म्हणजे भ चे चार, व चे चार, न चा शून्य. शारदा म्हणजे पाच, दोन, आठ. कमला म्हणजे एक, पाच, तीन.

माळ माझ्या हातातच राहिली. पोर पायचे आकडे म्हणतच नव्हता. मनातल्या मनात आजीच्या मांडीवर शिकलेली नामावली म्हणत होता, आणि तोंडाने फक्त अक्षरांचे आकडे काढत होता. कापडावरही तेच रंगवलेलं होतं. पहिले तीस खरे, पुढे सगळी नामावली.

मला राग आला नाही आधी. वाईट वाटलं. त्या लेकराच्या मनात देवीची इतकी नावं होती, आणि त्यांतलं एकही तोंडावर आणायची त्याला परवानगी नव्हती.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद घेतला, नामावली माझ्याकडून म्हणवून घेतली आणि आकडे मांडले. मग सायकल काढून कॉलेजात गेले. तिथल्या एका जाड पुस्तकात पायचे बरेच आकडे छापलेले होते. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. तिसानंतर एकही ओळ जुळत नव्हती.

मी त्यांना विचारलं, "समजा, पुढचेही खरे असते. पोराने खरोखर पाठ केले असते. तर काय मिळालं असतं त्याला?"

"विहिरीचं कडं ओतणारा मिस्त्री दोन आकड्यांवर काम भागवतो," ते म्हणाले. "यंत्रं करणाऱ्याला सहा-सात पुरतात. दहाव्यानंतरचा आकडा मी आयुष्यात कधी वापरला नाही. हौस म्हणून कोणी पाठ केले तर करावे, बुद्धिबळासारखं. पण त्याने पोर शहाणं होत नाही. वर्तुळ म्हणजे काय, हे त्या पोराला ठाऊक असेल का, याचीच मला शंका आहे."

*

दुर्गाष्टमीला आम्ही दोघं पारावर चढलो. कार्त्यायनी पुढच्या रांगेत होती; मीच तिला मुद्दाम आणलं होतं. मास्तरांनी छापील आकडे मोठ्याने वाचले आणि कापडावरचे दाखवले. लोक चुळबुळले. स्वामी हसत होते.

मी श्रीधरनजवळ बसले. हळूच म्हटलं, "बाळा, आकडे राहू देत. त्यांच्याखाली जे आहे ते म्हण."

तो घाबरला. मग मी पहिलं नाव घेतलं, भवानी, आणि पुढचं त्याच्या तोंडून आपोआप निघालं. शारदा. कमला. चाल अगदी आजीची, शेवटी किंचित लांबवलेली. बांध फुटावा तसा तो म्हणत सुटला. मैदानातल्या बायकांनी ओळखलं. एकेक आवाज मिळत गेला, आणि कडव्याच्या शेवटी सगळं मैदान मान झुकवून उभं राहिलं.

मला वाटलं, जिंकलो.

स्वामींनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुठून आणलं कोण जाणे.

"मी हे गुपित विजयादशमीला सांगणार होतो," ते म्हणाले. "टीचरांच्या भक्तीने ते आजच उघडलं. छापील पाय गोऱ्यांचा, जड वस्तूंचा. हा पाय देवीचा. विश्वाच्या वर्तुळात तिची नावं दडलेली आहेत, हे आज तुम्ही कानांनी ऐकलं."

मास्तर ओरडत राहिले, की वर्तुळ गोऱ्यांचं असो की काळ्यांचं, घेर एकच येतो. कोणी ऐकलं नाही. एका म्हाताऱ्याने तर माझ्यापुढे वाकून नमस्कार केला. त्या संध्याकाळी आश्रमाने विकायला आणलेल्या ब्राह्मीच्या तुपाच्या सगळ्या बाटल्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर मी कार्त्यायनीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती नारळ खवत होती. मी तिला पुन्हा सगळं उलगडून सांगितलं, अक्षर आणि आकडा, आकडा आणि अक्षर. तिला सगळं समजलं. ती काही वेडी नव्हती, शाळेत माझ्याच हाताखाली शिकली होती.

"फसवणूक आहे, कळलं मला," ती म्हणाली. "आकडे खोटे आहेत, तेही कळलं. पण टीचर, ते पोर बोलतं. माझी एक खोटा आकडा जरी बोलली, तरी मला चालेल."

"तो पोर आधीपासून बोलणाराच होता, कार्त्यायनी. त्याचे कान चांगले आहेत."

तिने खवणीवरून हात काढला नाही. म्हणाली, "तुमची शाळा तिला कधी अम्मा म्हणायला लावणार आहे का?"

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, तोंडाने कदाचित नाही. हातांनी म्हणेल.

"मग राहू दे," ती म्हणाली.

*

विजयादशमीला अंबिळीला नवीन परकर नेसवला होता. आपल्याला कशाला आणलंय हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. काहीतरी खायला देणार असं समजून तिने आनंदाने तोंड उघडलं. स्वामींनी अंगठीने जिभेवर लिहिलं, वर तूप घातलं. तूप कडू होतं. तिने घशातून एक आवाज काढला, आणि मैदान उसळलं, की बोलली, पोर बोलली. स्वामी म्हणाले, हा पहिला आकडा. कार्त्यायनी रडत जमिनीवर बसली.

तो आवाज मी ओळखत होते. तहान लागली की ती माझ्या मागच्या दारी येऊन तोच आवाज काढी, आणि अंगठा ओठांना लावी. आताही तिने अंगठा उचलला होता. एका सेविकेने तिचा हात धरून खाली केला आणि परकराच्या घडीत दाबून ठेवला. मी तांब्या घेऊन पुढे गेले, तर मला अडवलं. खुणेवर पाणी दिलं तर व्रत मोडेल म्हणाले.

मी आयुष्यभर व्रतं केली. एकाही व्रतात तहानलेल्या लेकराला पाणी नाकारायचं लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली. तिसऱ्या दिवशी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. ते बरोबरच होतं. वर्ष संपल्यावर अंबिळी घरी आली ती बोलत नव्हती, आणि खुणाही करत नव्हती. पाणी हवं असलं तरी ती कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. स्वामींनी दोष आईच्या श्रद्धेला दिला. तो आईने मान्य केला. पुढे श्रीधरनचा आवाज फुटला, आणि पारावर आता दुसरा मुलगा बसतो.

हे वाचून कोणी बदलेल, अशी मला फारशी आशा नाही. आमच्या डोळ्यांपुढे युक्ती उघडी पडली, आणि आम्ही तिला हार घातला. तरी सांगते, कारण गप्प बसणं मला जमत नाही. देवीवर भक्ती करा. पण कोणी तिच्या नावाने काही दाखवलं, तर सुरुवात खरी निघाली एवढ्यावर थांबू नका. पुढचं तपासा, आणि तपासणारा त्यांचा नसावा. मुलाने किती पाठ केलं हे विचारण्याआधी त्याला काय कळलं हे विचारा. आणि डॉक्टर जेव्हा सांगतो की हे बरं होणार नाही, पण एवढं करता येईल, तेव्हा त्या 'एवढं'चा हात धरा. आमच्या गावात ते एवढंसुद्धा आम्ही एका पोरीच्या हातातून काढून घेतलं.