जांघेवर बांधलेला भोकाचा पैसा

खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हतो. आपली चूक कोण सांगत सुटतं? पण आता राहवत नाय.

मित्रांनो, मी एक जुना भोकाचा पैसा आहे. तांब्याचा. लढाईच्या काळात धातू वाचवायला टाकसाळीत माझ्या पोटालाच भोक पाडलं. काही वर्षं बाजारात फिरलो, मग बंद झालो. बाकीचे भाऊ वितळले. मी वाचलो, कारण पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत एका आईने मला काळ्या दोऱ्यात ओवलं आणि तान्ह्या ठकूच्या फुगलेल्या बेंबीवर बांधलं. दोन वर्षांत बेंबी बसली. झालं, माझं नाव झालं!

मग वाडीतल्या प्रत्येक फुगीर बेंबीवर मीच. ठकूची ठकूबाई झाली, तिच्या मुलाच्या, मुरारीच्या बेंबीवरही मी. बायका म्हणायच्या, "ठकूबायचा पैसा लय गुणाचा." ज्या बेंब्या कोणी बांधल्या नव्हत्या त्याही बसत होत्या. मला दिसत होतं. पण स्तुती कोणाला नको असते? पुढे लोक दवाखान्यात जायला लागले आणि मी पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. कित्येक वर्षं.

यंदा मुरारीला मुलगा झाला, हर्षद. दिवस भरायच्या आधीच आला, एवढासा. मुरारी मुंबईला कामाला, बाळ आणि त्याची आई सारिका वाडीत. बाळ रडलं की उजव्या जांघेत गाठ यायची, निजलं की जायची. आशाताई समीक्षा दारात येऊन बोलली, "काकी, ही आपोआप बरी होत नाय. महाडला दाखवा, ऑपरेशन लागतंय."

"एवढ्याशा पोराला सुरी लावू? काय बोलतेस गो! माझा पैसा हाय ना."

मला डब्यातून काढलं. चिंचेने घासलं. आणि मी, काय सांगू, खूश झालो!

चिंधीत गुंडाळून, बाळाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्याला बांधून मला जांघेवर ठेवलं, वरून करकचून लंगोट. पाचव्या दिवशी सकाळी बाळ रडलं आणि माझ्याखाली गाठ आली. जाईल, म्हटलं. गेली नाय. घट्ट झाली. दगडासारखी. बाळ काही केल्या रडायचं थांबेना. मला कळत होतं, आत काहीतरी अडकलंय. ओरडू कसा? मला तोंड नाय, नुसतं भोक.

ठकूबाईने लंगोट सोडला, मला बाजूला केलं, तेलाचा अंगठा गाठीवर दाबला. बाळ किंचाळलं. दूध ओकलं. परत ओकलं.

"आई, हात काढा!" सारिका सासूवर पहिल्यांदाच ओरडली. गाठीवर माझा गोल ठसा उठला होता.

"थांब गो, शेक देते, बसंल..."

"मी नाय थांबणार. चांगूभावजी, रिक्षा काढा!"

शेजारच्या चांगूने रिक्षा काढली. महाडपर्यंत मी बाळाच्या कमरेला लटकत होतो. प्रत्येक खड्ड्याला बाळ कळवळायचं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी दूध बंद केलं, सलाईन लावलं. कातडी लाल आहे का, उलटी हिरवी आहे का, ते बघितलं. "तसं असतं तर गाठीला हात न लावता थेट ऑपरेशन," त्या म्हणाल्या. मग दुखणं थांबायचं औषध दिलं, पाय थोडे उंच ठेवले. बाळ शांत झालं तशी गाठ दोन्ही हातांत धरून हळूहळू, न सोडता दाबत राहिल्या. एक मिनिट. दोन. तीन. गुडगुड असा आवाज आला आणि गाठ आत गेली.

"आतडं अडकलं होतं. घरी नेऊ नका, परत अडकेल. दोन दिवसांत सूज उतरली की लहान मुलांचे सर्जन ऑपरेशन करतील. हा पैसा कोणी बांधला?"

"मी," ठकूबाई बोलली. "बेंबीवर चालायचा..."

"आजी, बेंबी वाढत्या वयात आपोआप बसते. जांघेतली वाट तशी बंद होत नाही. आणि पैशाखाली गाठ कडक झालेली दिसतसुद्धा नाही."

माझी सगळी स्तुती तिथेच संपली.

ऑपरेशन नीट झालं. पण घरी आल्यावर ठकूबाई नातवाला हात लावीना. शेवटी सारिकाने बाळ तिच्या मांडीवर टाकलं. "घ्या ह्याला. मला भाकऱ्या भाजायच्यात."

मित्रांनो, तान्ह्याच्या जांघेत गाठ येताजाताना दिसली तरी डॉक्टरला दाखवा. ती कडक झाली, आत जात नसली, बाळ ओकत असलं तर चोळू नका, बांधू नका, पाजू नका. पळा.

काल वाडीतली सेजल तिचं बाळ घेऊन आली, त्याच्याही जांघेत गाठ. "काकी, पैसा देता?"

"पैसा नाय भेटणार. चप्पल घाल, मी येते तुझ्यासंगं महाडला." ठकूबाईने मला डब्यात टाकलं आणि झाकण दाबलं.

ठकू, तुझ्याइतका जुना दोस्त मला कोणी नाय. तुझ्यामागे कोणी मला शोधून परत एखाद्या बाळाला बांधलंच, तर तुला वचन देतो: माझ्या भोकाची कड दोऱ्यावर घासत राहीन, दोरा तुटेपर्यंत.