करडी रेघ

“मावशी, हात आवरा! करवत थांबू दे आधी,” तंत्रज्ञ मुलगी ओरडली. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मावशींनी चिरलेल्या बर्फाच्या दोन्ही फाका केव्हाच टेबलावर मांडल्या होत्या.

शीतखोलीत उणे वीस तापमान, आणि मावशींची लग्नघरासारखी धांदल. ध्रुवावरून आणलेला हा हातभर लांब बर्फ दोन देशांच्या गटांत वाटायचा होता. अकरा वर्षं दोन्ही गट वेगवेगळे खपले, एकमेकांचे निष्कर्ष खोडत बसले. दुसऱ्या गटाच्या प्रमुखांना, समुद्रापलीकडच्या प्राध्यापकांना, इथवर आणता आणता मावशींची तीन वर्षं गेली. आता वाटणी बिनसली, तर पाहुणे आल्या पावली परत जाणार आणि दोघांनी मिळून काढायची मोहीम बारगळणार.

म्हणून मावशींनी नियम घरचाच लावला होता. लहानपणी खाऊवरून बहिणीशी जुंपली, की आई म्हणायची, जी कापेल तिने मागून उचलायचं.

कापलं मावशींनी. आणि नेमकी राखेच्या थरापाशी करवत तिरकी गेली. कुठल्याशा जुन्यापुराण्या ज्वालामुखीची ती करडी रेघ, जिच्यावरून बर्फाचं वय ठरणार होतं, जिच्यासाठी एवढा खटाटोप, अख्खी डाव्या फाकेत राहिली. उजवी कोरी करकरीत.

“झालं, दिवे लावले मी,” मावशी पुटपुटल्या. “बहीण असती तर वेणी ओढली असती.”

पाहुणे हसले नाहीत.

“पुन्हा कापायचं का?” मुलीने हळूच विचारलं.

“छे. नियम तो नियम. उचला, सर.”

पाहुण्यांनी डावी फाक उचलली. दिव्यासमोर धरून बराच वेळ न्याहाळली.

“ही माझी ना?”

“तुमचीच.”

“मग कुठे ठेवायची ते मी ठरवणार.” त्यांनी ती अलगद मावशींच्याच फडताळात सरकवली. “प्रवासात तडकली तर माझी झोप उडेल. राहू दे इथेच. माझी दोन पोरं येतील, तुमच्या माणसांशेजारी बसून काम करतील. जागा आहे?”

मावशींच्या चष्म्यावर धुकं साचलं. पुसायचं त्यांना सुचलंच नाही.

“दोन कशाला, चार पाठवा. फक्त भांडखोर बघून पाठवा हं. आमच्याकडे आहेत भरपूर, पण त्यांचे मुद्दे आता ऐकून ऐकून शिळे झालेत.”

“भांडखोरच हवा असेल, तर मलाच यावं लागेल.”

मावशींनी दारामागचा सगळ्यात जाड कोट काढला, झटकला आणि त्यांच्या खांद्यांना लावून पाहिला.