चौथा ठिपका

सोफ्यावरून उडी मारताना लहानग्या चिमणीचा डोळा बाबाच्या गुडघ्यावर आपटला. ना रक्त, ना सूज, डोळा पांढराशुभ्र. तरी आईने तिला उचललं आणि थेट आपण काम करतो त्या इस्पितळात नेलं. तिथे चेहऱ्याच्या हाडांवर संशोधन चालायचं. आई दिवसभर स्कॅनवरून डोळ्यांच्या खोबण्या मोजायची, आणि घरी कुणाला ठेच लागली तरी लगेच तपासायला धावायची.

विभागाच्या सरांनी लगेच स्कॅन करवला. नेहमीच्या सवयीने दोघांनी तो हाडांच्या सेटिंगवर पाहिला; त्यात हाडं तेवढी लख्ख दिसतात, बाकी सगळं धूसर. खोबणीचा तळ अखंड होता. सरांनी तिच्याकडे पाहिलं, तिनेही मान डोलावली. जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर चिमणीला उलटी झाली. थोड्या वेळाने आणखी एक. सासूबाई म्हणाल्या, डोक्याला हादरा बसला की होतं असं, झोपू दे तिला. आणि वर हसून, तू अशी टक लावून बसलीस तर धडधाकट पोरही आजारी पडेल. नवरा अपराध्यासारखा स्वतःचाच गुडघा चोळत होता. लेकीला रिझवायला त्याने गॅसचा फुगा सोडला. तो छताला जाऊन टेकला. चिमणीने पाहिलं खरं, पण पाहताना अख्खी हनुवटी वर उचलली.

आईने हातातला पेला खाली ठेवला आणि तिची हनुवटी धरली.

"मान नाही हलवायची. नुसत्या डोळ्यांनी बघ फुगा."

उजवा डोळा वर गेला. डावा मध्येच थबकला, आणि चिमणी कळवळून पुन्हा ओकली.

मोठ्यांचं हाड अंड्याच्या कवचासारखं फुटतं. असे कितीतरी तुकडे तिने मोजले होते. पण त्यांच्या संशोधनात मुलं नव्हतीच. पोरांचं हाड ओल्या काडीसारखं लवतं आणि परत जागेवर येतं. लवलं तेव्हा फटीत काही शिरलं असेल तर? दारात बोट चेंगरावं तसं?

चिमणीला गाडीत घेऊन निघता निघता तिने सरांना फोन लावला. ते वैतागलेच. दोघांनी पाहिलंय ना, तळ शाबूत आहे, उगाच आईच्या नजरेने बघू नकोस.

"हाडं बघूच नका, सर. ते सेटिंग काढा आणि स्नायू मोजा."

समोरून घेतलेल्या चित्रात प्रत्येक डोळ्याभोवती तो फिरवणाऱ्या स्नायूंचे चार ठिपके दिसायला हवेत: वर, खाली आणि दोन बाजूंना. सर मोठ्याने मोजू लागले. उजवीकडे चार. डावीकडे तिनावर थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"खालचा खोबणीत नाहीये," ते म्हणाले. "फटीत अडकलाय. भूल द्यावी लागेल, तिला पाणीसुद्धा देऊ नका. सर्जनना बोलावतो. उशीर झाला तर तो स्नायू मरेल."

मागच्या सीटवर सासूबाईंनी चिमणीला घट्ट कवटाळलं. सिग्नल लाल होता, आणि नवऱ्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली त्या सकाळी त्याने तोच फुगा आणला होता, आता अर्धा मरगळलेला. तो त्याने उंच धरला. आईने हनुवटी धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला, धीरच होईना. शेवटी सासूबाईंनी धरली.

"बघ गं बाई, एकदाचं."

उजवा डोळा वर गेला. डावा किंचित मागून, पण गेला.