कानांना सुट्टी

ऑफिसात तिला सगळे ‘बर्फाची लादी’ म्हणत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीत ती फोनवर तक्रारी ऐकून घ्यायची. समोरच्यानं कितीही तोंड सोडलं तरी हिचा आवाज तसूभर चढत नसे. चढायचा तो घरी आल्यावर. चमचा पडला तरी ती अंगावर धावून जायची, मग रडायची, मग डोकं धरून बसायची. पार पिचून गेली होती बिचारी. आणि जिवाला लागलं होतं ते वेगळंच. ती घरी आली की तिच्याभोवती चिवचिवणारी लेक हल्ली कामापुरतंच बोलत होती.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. “घरी गेलात की जरा डोळे मिटून बसा. कानावर पडेल ते नुसतं ऐका.”

“दिवसभर तेच तर करते मी, मॅडम!”

“छे. दिवसभर तुम्ही उत्तरं देता.”

झालं. संध्याकाळी खोलीचं दार लोटून ती पलंगावर बसली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. पायांना रबर लावून घ्या, तिनं मनातल्या मनात सांगून टाकलं. शेजारचं मशीन धडधडलं. खालची फरशी सपाट नसेल, माणूस पाठवते. फाटक करकरलं. तेल घाला. जित्याची खोड म्हणतात ती हीच! असली विश्रांती घेण्यापेक्षा ओव्हरटाइम बरा, असं वाटून तिला स्वतःचंच हसू आलं.

थोड्या दिवसांनी मात्र तिला उत्तरं द्यायचाही कंटाळा आला आणि आवाज नुसतेच यायला लागले. खुर्ची, फाटक, कुणाचं तरी खोकणं, कुणाची तरी शीळ. बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं होतं. दाराबाहेर नवरा, सासूबाई आणि लेक अशी तीन माणसं होती, आणि तिथून हूं नाही की चूं नाही.

असली शांतता ती ओळखत होती. बोलता बोलता फोन कधी कधी असाच गप्प होतो. ऑफिसातल्या नव्या मुलींना वाटतं, कट झाला. तो चालूच असतो. हिला ऐकू जाऊ नये म्हणून समोरच्यानं त्यावर हात दाबून धरलेला असतो.

तिनं दार उघडलं. सासूबाई घासलेली भांडी टॉवेलच्या घडीवर एकेक करून ठेवत होत्या, जणू अंडीच. नवरा टीव्ही बघत होता, आवाज बंद करून. लेक पुस्तकात बघून ओठ हलवत होती.

“काय करतेस गं?”

लेकीनं आधी आजीकडे पाहिलं. “कविता पाठ करतेय,” ती कुजबुजली.

“अशी, मुक्यानं?”

“तू आलीस की आम्ही सगळं असंच करतो.”

सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, “अगं, तेवढाच तुझ्या कानांना आराम. दुसरं काही नाही.”

ती लेकीसमोर खालीच बसली. “मोठ्यानं म्हण, राणी. मला ऐकायचीय.”

लेकीनं पहिली ओळ म्हटली. दुसरीला आवाज जरासा चढला, तशी ती थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई नुसती ऐकत होती, हललीसुद्धा नाही.

तिसरी ओळ लेकीनं पुन्हा कुजबुजतच म्हटली.