कपाटातले चार पासपोर्ट

सकाळी साडेसातला लाँड्रीचं शटर वर गेलं की धाकटी सर्वात आधी खिसे तपासायची. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे आणि जे निघेल ते, किल्ली असो नाहीतर बसचं जुनं तिकीट, कागदी पाकिटात घालून वर पावतीचा नंबर लिहायचा. मोठ्या दिरांचा हा नियम होता. "ज्याची वस्तू त्याच्या हातात," असं ते नव्या गिऱ्हाइकालाही ऐकवायचे, आणि ते खोटं नव्हतं. एका बाईंच्या कोटाचं बटण त्यांनी दोन वर्षं जपून परत दिलं होतं.

परक्या देशातलं हे दुकान, त्याच्या मागे तीन खोल्या आणि त्यांत दोन भाऊ नि दोन जावा. घर सालस. कुणाला व्यसन नाही, कुणी आवाज चढवत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिगत वाचताना तुम्ही एखादा दुष्ट माणूस शोधाल आणि तो सापडणार नाही.

साथीला तीन महिने झाले होते. गिऱ्हाइकं आटली होती, दवाखान्याच्या चादरी तेवढ्या गठ्ठ्यांनी येत. त्या दिवशी दहाच्या सुमारास धाकटीच्या भावाचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तिला श्वास लागत होता आणि ताई कधी येते एवढंच ती विचारत होती. रोजची विमानं बंद होती, पण आठवड्याने मायदेशी एक खास विमान जाणार होतं. त्यासाठी दूतावासाच्या यादीत नाव घालायचं आणि नाव घालायला पासपोर्टचा नंबर हवा.

धाकटीला आपला नंबर माहीत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी विमानतळाबाहेर नवऱ्याने पासपोर्ट तिच्या हातातून घेतला होता. हरवेल, दादाकडे ठेवतो, म्हणाला. तिलाही तेव्हा ते बरंच वाटलं होतं. नवऱ्याचं म्हणाल तर त्याला शिंक आली तरी तो आधी दादाकडे बघायचा.

मोठ्या दिरांनी लगेच कपाट उघडलं. रबरबँड लावलेले चार पासपोर्ट काढले आणि धाकटीचा उघडून ते बराच वेळ बघत राहिले. मुदत संपून आठ महिने झाले होते. दोघा भावांचे त्यांनी दीड वर्षापूर्वीच नवे करून आणले होते. बायकांचे मागे ठेवले होते, कारण त्यांना कुठं जायचंय.

"राहून गेलं गं," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

नवा पासपोर्ट करायचा तर दूतावासात वेळ घ्यायची. दिवसाला फक्त दहा जणांना आत घेत होते. सकाळी आठला कॉम्प्युटरवर दहा जागा उघडायच्या आणि नवरा तिचं नाव टाइप करेपर्यंत भरून जायच्या. फोन लावला की एक गोड आवाज गैरसोयीबद्दल क्षमा मागायचा. तातडीच्या कामासाठी लिहा म्हणून एक पत्ता दिला होता. तिथून पत्र मिळाल्याचं उत्तर यायचं, बाकी काही नाही.

पाचव्या दिवशी धाकटी दोन बस बदलून स्वतः तिथे गेली. फाटकापाशी काचेच्या खोलीत एक कारकून बसला होता. तोंडावर मास्क, हातात मोजे. आत अर्ध्याहून कमी माणसं कामावर होती, असं त्यानेच सांगितलं. तिने पासपोर्ट काचेला टेकवून दाखवला.

"ताई, हा चालू असता तर आत्ता यादीत नाव घातलं असतं," तो म्हणाला. "कालपर्यंत जागा रिकाम्या होत्या. मुदत कधी संपली, बघितली नव्हती का?"

तिने पासपोर्ट काचेवरून खाली घेतला. काय सांगणार होती?

विमान गेलं. त्यानंतर चार दिवसांनी आई गेली. तिला अंत्यविधी दिसावा म्हणून भावाने तिकडे फोन समोर धरून ठेवला होता. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं दिसली, मग नुसती जमीन दिसली, मग फोनची रेंज गेली. नवरा बाजूला उभा राहून रडला. धाकटीला रडू आलं नाही. ती उठून इस्त्रीच्या टेबलापाशी गेली, चादरीची टोकं जुळवली, वाफ सोडली, घडी घातली. संध्याकाळपर्यंत भिंतीला लागून तिच्या उंचीएवढी चळत झाली. थोरली जाऊ शेजारच्या टेबलावर काम करत होती. जेवायच्या वेळी तिने धाकटीच्या हातातली इस्त्री काढून घेतली.

आणखी आठ दिवसांनी दूतावासाकडून वेळ मिळाल्याचं कळलं. आता कशाला जातेस, नवरा म्हणाला. ती गेली.

महिन्याभराने नवा पासपोर्ट टपालाने आला. दुपारची वेळ, सगळे दुकानात. धाकटीने पाकीट फोडलं, फोटो बघितला, मुदतीची तारीख दोनदा वाचली. मोठ्या दिरांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. दुसऱ्या हातात कपाटाची किल्ली होती.

"हा माझ्याकडे राहील, भाऊजी," ती म्हणाली.

"अगं, हरवेल."

"हरवला तर माझा हरवेल. ज्याची वस्तू त्याच्या हातात, असं तुम्हीच म्हणता ना?"

तिचा आवाज पावतीचा नंबर सांगावा तसा होता. राग त्यात शोधूनही सापडला नसता. नवऱ्याने सवयीने दादाकडे बघितलं. मोठे दीर खाली बसले. आपल्यावर आळ आला असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्यामुळं झालं का हे?" ते म्हणाले. "साथ आली. विमानं बंद, एम्बसी बंद. मी काय करणार होतो?"

शेजारच्या टेबलावरची वाफ थांबली. वीस वर्षांत थोरली जाऊ नवऱ्याच्या बोलण्यात कधी मध्ये पडली नव्हती. तिने इस्त्री उभी केली आणि पदराला हात पुसले.

"माझी आई गेली तेव्हा विमानं चालू होती," ती म्हणाली. "एम्बसी उघडी होती. पासपोर्टही चालू होता. दुकानात कामाचा रेटा आहे, नंतर जा, म्हणालात तुम्ही."

मोठे दीर तिच्याकडे बघत राहिले. सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांना आठवत नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

थोरलीने हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. ते उठले आणि कपाटाकडे गेले.